स्मार्टवॉच की ऑटोमॅटिक : पंधरा वर्षं कोणतं चालेल, आणि बिघडलं तर उघडणार कोण?

कोकणकडा२२

बजेट साधारण २५ हजार. घड्याळ रत्नागिरीत वापरायचं आहे, म्हणजे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने घाम. रोज हातात राहणार, आठवड्यातून दोनदा पोहणं, अधूनमधून दुचाकी. अपेक्षा एवढीच, की निदान पंधरा वर्षं वापरता यावं आणि बिघडलं तर दुरुस्त होऊन मिळावं.

समोर दोन पर्याय आहेत. चांगल्या कंपनीचं स्मार्टवॉच, नाहीतर सेको ५ किंवा त्याच जातीचं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं). दुकानदार पहिल्याबद्दल सांगतात "बॅटरी बदलून मिळते", दुसऱ्याबद्दल "आयुष्यभर बघायला नको". दोन्ही वाक्यं जरा जास्तच गोड वाटतात.

स्मार्टवॉचची बॅटरी बाहेरच्या माणसाकडून बदलली तर ते पुन्हा पाण्यात चालतं का? ऑटोमॅटिकचं सर्व्हिसिंग म्हणजे नेमकं काय करतात, आणि नाही केलं तर काय होतं? जुनी एचएमटी ऑनलाइन स्वस्तात दिसतात, त्यात काही अर्थ आहे का? "वापर कशासाठी यावर अवलंबून" हे उत्तर माहीत आहे, ते नको. आकडे आणि भागांची नावं चालतील.

---

बॅलन्सव्हील

आधी "आयुष्यभर बघायला नको" हे डोक्यातून काढा. सेको ५ मधलं ४आर३६ घ्या किंवा त्याचंच बाहेरच्या कंपन्यांना विकलं जाणारं भावंड एनएच३६, मशीन तासाला २१,६०० ठोके देतं. दिवसाला ५ लाख १८ हजार, वर्षाला जवळपास १९ कोटी. एवढी ये-जा ज्या टोकांवर होते ती केसाएवढी बारीक आहेत आणि त्यांच्यात व माणकात (टोकं टेकतात त्या दगडात) फक्त तेलाचा एक थेंब आहे. तो सुकला किंवा पसरून गेला की घड्याळ लगेच बंद पडत नाही, हीच खरी अडचण. वेळ बरी दाखवत राहतं आणि आत टोकं झिजत राहतात. म्हणून "चालतंय ना" हा निकष इथे उपयोगाचा नाही.

निकष टाइमग्राफरचा. हे मशीन ठोक्यांचा आवाज ऐकून तीन आकडे देतं : दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, अँप्लिट्यूड म्हणजे बॅलन्सचा (पुढे-मागे झुलणाऱ्या चाकाचा) झोका किती अंशांचा, आणि बीट एरर म्हणजे दोन्ही बाजूंच्या झोक्यांत वेळेचा किती फरक. पूर्ण चावी देऊन तबकडी वर ठेवून मोजायचं. साधारण २७० ते ३०० अंश असेल तर प्रकृती उत्तम. सेकोची ही मशीनं नवीन असतानाही थोडी कमी दाखवतात, २५० आलं तर घाबरू नका. पूर्ण चावीनंतरही २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगची वेळ झाली. बीट एरर १ मिलिसेकंदाच्या आत हवी. मोजणाऱ्याला लिफ्ट अँगल (ठोक्याच्या वेळी बॅलन्स फिरतो तेवढा कोन, मशीनप्रमाणे वेगळा) बरोबर घालायला सांगा : सेकोच्या या मशीनला ५३, स्विस कंपनी इटाच्या २८२४ ला ५०, जपानी मियोटाच्या ८२१५ ला ४९. टाइमग्राफर आपणहून ५२ धरतो. आकडा चुकीचा राहिला तर अँप्लिट्यूडही चुकीचा येतो.

सर्व्हिसिंग पाच ते सात वर्षांनी. त्यात मशीन पूर्ण सुटं करतात, भाग धुतात, मेनस्प्रिंग (चावीची मुख्य कमान) बदलतात किंवा साफ करून परत भरतात, आणि प्रत्येक जागी वेगळं तेल देतात. बॅलन्सच्या माणकांना आणि वेगाने फिरणाऱ्या चाकांना पातळ (मोबियस ९०१०), बॅरल (मेनस्प्रिंगचा डबा) आणि मधल्या चाकासारख्या संथ पण जोर घेणाऱ्या जागी जाड (एचपी १३०० किंवा डी५), पॅलेट फोर्कच्या (चाकाचा एकेक दात सोडणाऱ्या काट्याच्या) दगडांना ९४१५, ऑटोमॅटिकच्या बॅरलच्या भिंतीला ब्रेकिंग ग्रीस. पॅलेट फोर्कच्या टोकांना मुद्दाम काहीच लावत नाहीत. तिथे तेल गेलं की ते चिकट होऊन झोका पडतो.

गल्लीतल्या घड्याळजीकडे देताना विचारायचे प्रश्न इथूनच निघतात. "ऑइलिंग करून देतो, अर्ध्या तासात घेऊन जा" म्हणाले तर घड्याळ परत खिशात टाका. अर्ध्या तासात मशीन सुटं होत नाही. तिथे मागचं झाकण काढून, पेट्रोलचा ब्रश मारून, दिसेल त्या टोकाला एकच तेल लावलं जातं. जुनं सुकलेलं तेल तसंच आत राहतं आणि नवीन त्यात मिसळून लापशी होते. तोंडाने फुंकर मारणाऱ्याकडेही देऊ नका, फुंकरीतल्या ओलाव्याने स्टीलचे भाग गंजतात. आणखी एक खूण : जाणकार माणूस पॅलेट फोर्क आणि बॅलन्स स्पिरिटमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजत ठेवत नाही, कारण ते दगड लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

आता नाकापेक्षा मोती जड होण्याची गोष्ट. पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे आणि याच जातीच्या नव्या एनएच३५ मशीनची किंमत यांत फारसा फरक राहत नाही, बऱ्याचदा नवीन मशीनच स्वस्त पडतं. त्यामुळे या वर्गात अनेक कारागीर सरळ मशीन बदलतात, तबकडी आणि काटे जुनेच. यात लबाडी नाही. उलट पंधरा वर्षांच्या हिशेबात हा तुमचा विमा आहे, कारण हे मशीन शेकडो छोट्या-मोठ्या कंपन्या वापरतात आणि त्याचे भाग सहज मिळतात.

रोजच्या दोन गोष्टी. तारीख रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात बदलू नका, तेव्हा तारखेचं चाक आधीच गुंतलेलं असतं आणि दात मोडतो. आणि घड्याळ एकदम दिवसाला दोन-पाच मिनिटं पुढे पळायला लागलं तर ते बिघडलेलं नाही, चुंबकाने धरलेलं आहे. हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सवरच्या बारीक कमानीचे) वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी वागते, झोका जलद होतो. होकायंत्राजवळ नेऊन बघा, सुई हलली तर नक्की. डीमॅग्नेटायझरचा छोटा डबा काही शे रुपयांत मिळतो : घड्याळ त्यावर ठेवायचं, बटण दाबायचं, दाबलेलं ठेवूनच घड्याळ हातभर लांब न्यायचं आणि मगच सोडायचं. जवळ असतानाच बटण सोडलं तर पुन्हा चुंबकत्व बसतं. स्पीकर, टॅबलेटची कव्हरं, बॅगांची चुंबकी बटणं हे नेहमीचे गुन्हेगार. त्यात आता स्मार्टवॉचच्या चार्जरची भर. दोन्ही प्रकार वापरणाऱ्यांनी एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवू नयेत.

---

फ्लेक्सकेबल

स्मार्टवॉचचं मी सांगतो.

बॅटरी बदलता येते, हे खरं. प्रश्न उघडण्याचा आहे. बहुतेक गोल-चौकोनी स्मार्टवॉचची काच आणि डिस्प्ले एकजीव असतात आणि ते केसला (बाहेरच्या कवचाला) गोंदाने चिकटवलेले असतात. उघडायचं तर बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरवून, घड्याळ ७०-८० अंशांच्या हीट मॅटवर दोन-तीन मिनिटं, मग पातळ पात्याने कडेने फट करायची आणि तिथे पिक सरकवायचा. पातं दीड-दोन मिलिमीटरपेक्षा आत गेलं की डिस्प्लेची फ्लेक्स केबल कापली. ॲपलच्या पहिल्या पिढीपासून सिरीज ५ पर्यंत काचेखाली फोर्स टचचा एक पातळ थर आहे. घाईने उघडलं की तो फाटतो आणि जोरात दाबून चालणाऱ्या गोष्टी बंद होतात. सिरीज ६ पासून तो थर काढला, त्यामुळे उघडणं थोडं सोपं झालं. काही मॉडेलं मागून उघडतात. स्क्रू असलेली तर फारच बरी, गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांना मागे टॉर्क्स स्क्रू आणि रबरी गॅस्केट असतं.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या स्पजरने (चपट्या उचकटणीने) काढणं. धातूची चिमटी नाही. मग सेल. तो तळाला चिकटवलेला असतो, कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडून मिनिटभर थांबायचं आणि सपाटच उचलायचा. वाकवला की आतले थर एकमेकांना टेकतात, पुढचं सांगायला नको. फुगलेला सेल टाचणीने "हवा काढून" बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्या दुकानात उभंही राहू नका.

नवीन सेल घेताना फक्त एमएएच बघू नका. जाडी आणि चार्जिंगचा वरचा व्होल्टेज जुळला पाहिजे. जुन्या सेलवर लिहिलेलं असतं, ४.२, ४.३५ किंवा ४.४. घड्याळ ४.४ पर्यंत चार्ज करणारं आणि सेल ४.२ चा, तर तो काही महिन्यांत फुगेल आणि डिस्प्ले आतून उचलेल. "जास्त एमएएच" म्हणून विकलेला जाड सेल तेच करतो, फक्त लवकर.

आता तुमचा खरा प्रश्न, पाणी. जुना गोंद पूर्ण खरवडून, ९९ टक्के अल्कोहोलने पुसून, त्याच मॉडेलसाठी कापून आलेली चिकटपट्टी लावायची, क्लॅम्प लावून चोवीस तास ठेवायचं. मोबाइलच्या दुकानात ट्यूबमधला टी-७००० किंवा बी-७००० गोंद वापरतात. थेंब-शिंतोड्याला तो पुरतो, पण जाडी सगळीकडे सारखी येत नाही आणि हवेचे बुडबुडे राहतात. म्हणजे उत्तर असं : हात धुण्यापुरतं हो, पोहायला नाही. ज्याच्याकडे व्हॅक्यूमचं टेस्टिंग मशीन आहे त्याने तपासून दिलं तर वेगळी गोष्ट. तसा माणूस रत्नागिरीत शोधावा लागेल.

कंपनीच्या केंद्रात "बॅटरी बदलणे" याचा अर्थ बऱ्याचदा अख्खं घड्याळ बदलून देणे असा असतो. ग्राहकाला ते बरंच आहे, पाण्याची हमीही येते. फक्त ती सोय मॉडेल यादीत आहे तोवर. ॲपलचा नियम उघड आहे : विक्रीसाठी पुरवणं थांबल्यावर पाच वर्षांनी मॉडेल "व्हिंटेज", सात वर्षांनी "ऑब्सोलीट". त्यानंतर केंद्रात भाग नाहीत.

बॅटरी किती वर्षं, याचं गणित कुणी करत नाही म्हणून देतो. ॲपल म्हणतं १,००० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के क्षमता उरेल अशी रचना आहे. रोज पूर्ण चार्ज लागणाऱ्या घड्याळाचे १,००० फेरे पावणेतीन वर्षांत होतात. चौदा दिवस चालणाऱ्या घड्याळाचे वर्षाला २६. तिथे फेऱ्यांनी सेल मरत नाही, वयाने आणि उष्णतेने मरतो. त्यामुळे टिकाऊपणा हवा असेल तर स्मार्टवॉच निवडताना सगळ्यात महत्त्वाचा आकडा एका चार्जमध्ये किती दिवस हा. दोन आठवडे चालणारं घड्याळ निम्मी क्षमता गेल्यावरही आठवडाभर चालेल. दीड दिवसवाल्याची निम्मी गेली की पूर्ण दिवस व्हायच्या आतच काळी पाटी.

१,५०० ते ३,००० रुपयांच्या घड्याळांना यातलं काहीच लागू नाही. सेल दोनशेचा मिळेल, पण उघडताना डिस्प्ले गेला की तो सुटा मिळत नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

---

कोकणकडा२२

दोघांचेही आभार. फ्लेक्सकेबल, घामाचं काय? चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात असं ऐकलंय. आणि बॅलन्सव्हील, जुन्या एचएमटीचं राहिलं.

---

फ्लेक्सकेबल

पिना हिरव्या पडतात कारण घामातलं मीठ आणि पिनांमधला विद्युतदाब दोन्ही एकत्र येतात. ओलं घड्याळ चार्जरवर ठेवणं हे मूळ कारण. आधी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, पाच मिनिटं थांबा, मग चार्जर. हिरवं आलंच असेल तर जुना मऊ टूथब्रश आणि अल्कोहोल. सँडपेपर नाही, वरचा सोन्याचा मुलामा गेला की पुढच्या पावसात पिनच खलास. पिनाच नको असतील तर बिनतारी चार्जिंगचं मॉडेल घ्या. दाबमापकाचं बारीक भोक असेल तर त्यात टाचणी घालू नका, कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून झटका.

समुद्रात जाऊन आल्यावर हेच सगळं ऑटोमॅटिकलाही लागू. मीठ मीठच आहे.

---

पळसाला_पाने_तीन

दोन्ही कारागिरांनी लोखंड आणि गोंदाचं सांगितलं, पण पंधरा वर्षांच्या प्रश्नात स्मार्टवॉच मरतं ते सॉफ्टवेअरने. बॅटरीला निदान उपाय आहे.

ॲपल वॉच सिरीज ३ घ्या. २०१७ ला आलं, २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत कंपनी ते नवीन म्हणून विकत होती, आणि त्याच महिन्यात आलेली घड्याळाची नवी प्रणाली वॉचओएस ९ त्यावर चालत नाही. म्हणजे शेवटच्या महिन्यात घेणाऱ्याला नवं घड्याळ मिळालं ते आधीच निवृत्त झालेलं. त्याआधीही जीपीएसवाल्या मॉडेलात जागा इतकी कमी, की अपडेट घालायचं तर घड्याळ अनपेअर करून पुसून घ्यावं लागायचं. २०१५ चं सोन्याचं ॲपल वॉच एडिशन अमेरिकेत १०,००० डॉलरपासून पुढे विकलं गेलं, २०२३ ला तेही "ऑब्सोलीट" यादीत गेलं. सोनं तेवढं अजून सोनं आहे.

सॅमसंगच्या टायझेन प्रणालीवरच्या जुन्या गॅलेक्सी वॉचचं ॲपचं दुकान टप्प्याटप्प्याने बंद झालं, २०२५ च्या मे अखेरीस नवीन काही उतरवून घेणंही थांबलं. फॉसिलने २०२४ च्या जानेवारीत स्मार्टवॉचमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. यांतलं एकही घड्याळ त्या दिवशी "बिघडलेलं" नव्हतं.

उलट उदाहरणही आहे आणि ते जास्त बोलकं आहे. पेबल ही कंपनी २०१६ ला फिटबिटने गिळली, सर्व्हर ३० जून २०१८ ला बंद झाले. तरी पेबल घड्याळं जिवंत राहिली, कारण वापरणाऱ्यांनी रीबल नावाने स्वतःचे सर्व्हर उभे केले, आणि २०२५ च्या जानेवारीत गूगलने पेबलच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोडच खुला केला.

म्हणून खरेदीआधी करायची चाचणी : फोन बंद करा, घड्याळ रिसेट करा, आणि बघा ते ॲपशिवाय सुरू तरी होतं का, हाताने वेळ लावता येते का. स्वस्तातल्या बहुतेक घड्याळांना वेळही फोनकडून येते. ॲप प्ले स्टोअरवरून गायब झालं की ते मनगटावरचं काळं बिस्किट. चांगल्या कंपनीचं घेतलंत तर अपडेट किती वर्षं देणार ते लेखी बघा. सॅमसंगने गॅलेक्सी वॉच ४ ला चार वर्षं जाहीर केली होती. वर्षं मोजायची ती बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. सेलमध्ये स्वस्त मिळणारं मॉडेल निम्मं आयुष्य दुकानात काढून आलेलं असतं. जुनं घेताना आधीच्या मालकाच्या खात्यातून सुटलेलं आहे ना ते समोर बसून तपासा, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉक कुठलाही कारागीर काढून देणार नाही.

आणि बॅलन्सव्हील यांच्याशी एक भांडण. मेकॅनिकल म्हणजे दुरुस्त होणारं, हे समीकरणच चूक आहे. स्वॉचचं सिस्टेम५१ बघा. ५१ भाग, मधोमध एकच स्क्रू, केस सीलबंद. शंभर टक्के मेकॅनिकल आणि उघडायचा रस्ताच नाही. बंद पडलं की बदला. मग ते स्मार्टवॉचपेक्षा वेगळं कसं?

---

बॅलन्सव्हील

मान्य, आणि यादी वाढवतो. टिसोच्या पॉवरमॅटिक ८० पैकी काही मशीनांत एस्केप व्हील आणि पॅलेट फोर्क प्लास्टिकचे आहेत, आणि वेळ कारखान्यात लेझरने लावलेली असते, वेळ पुढे-मागे करायचा नेहमीचा रेग्युलेटरच नाही. मशीन वाईट नाही. ८० तास चालतं आणि वेळ झकास देतं, पण घड्याळजीला हात घालायला जागा कमी. केंद्रातही शक्यतो मशीनच बदलतात. शिवाय स्वॉच ग्रुपने २०१५ च्या अखेरीस घाऊक विक्रेत्यांना सुटे भाग देणं थांबवलं, त्यामुळे स्वतंत्र कारागिराला इटाचे अस्सल भाग मिळणं अवघड झालं. तिथे सेलिटा या दुसऱ्या कंपनीचं एसडब्ल्यू२०० मशीन कामी येतं, ते इटाच्या २८२४ च्याच आराखड्यावर बांधलेलं आहे. म्हणजे घ्यायच्या आधी घड्याळाचं नाव नाही, आतल्या मशीनचा नंबर विचारा. विक्रेत्याला सांगता आला नाही तर पुढचं दुकान.

२८२४ जातीचं घेतलंत तर एक पथ्य : रोज हाताने चावी देऊ नका. त्यातली रिव्हर्सिंग चाकं सुकली की चावीबरोबर रोटरही (हाताच्या हालचालीने फिरणारं वजन) गरगर फिरायला लागतो आणि दात झिजतात. थांबलं असेल तर पंधरा-वीस फेरे द्या, पुढचं काम हाताच्या हालचालीवर सोडा.

एचएमटी. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनली, आणि एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत मंजुरी दिली. तरी जनता किंवा पायलट आजही दुरुस्त होतं. हाताने चावी द्यायचं १७ ज्वेलचं मशीन, तासाला १८,००० ठोके, ऑटोमॅटिकची भानगड नाही, सगळे भाग डोळ्यांना दिसतील एवढे मोठे. कंपनी मेली तरी भाग जिवंत, कारण लाखोंनी बनलेली मशीनं ड्रॉवरांत पडून आहेत आणि एकातून काढून दुसऱ्यात बसवता येतात. पेबलचं जे सॉफ्टवेअरने झालं तेच इथे नुसत्या संख्येने झालं म्हणा.

पण ऑनलाइन दिसणाऱ्या स्वस्त एचएमटींपासून सावध. जगभरचे संग्राहक ज्याला "मुंबई स्पेशल" म्हणतात तो हाच माल : तीन घड्याळांचे भाग एकात, वर पुन्हा रंगवलेली तबकडी. ओळखायचं कसं? भडक निळी-नारिंगी तबकडी जी कारखान्याने कधी काढलीच नाही. अक्षरांच्या कडा फुटलेल्या. तासांच्या खुणा मिनिटांच्या खुणांशी न जुळणाऱ्या. काट्यांची लांबी चुकीची. चावीचं डोकं केसपेक्षा मोठं. मशीनचा फोटो मागा. ब्रिजवर गंजाचे डाग, स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या, किंवा फोटो देतच नाहीत, म्हणजे सोडा. तबकडी मळलेली पण मूळची असेल तर तेच घ्या. मळ हा दोष नाही. वरची काच ॲक्रिलिकची असते, ओरखडे पॉलिवॉच या पॉलिशने किंवा पांढऱ्या टूथपेस्टने पाच मिनिटं घासून जातात.

मात्र तुमच्या कामाला ते रोजचं घड्याळ म्हणून नको. पाणी हा शब्द त्याच्यासमोर काढू नका. कोकणच्या पावसात महिन्याभरात काचेखाली धुकं येईल.

---

फ्लेक्सकेबल

पळस, सॉफ्टवेअरचं पटलं, पण स्मार्टवॉचची बाजू एकदम पाडू नका. दुचाकी, क्रिकेट, ड्रिलिंग यांत स्मार्टवॉचला हलणारा भागच जवळपास नाही. ऑटोमॅटिक कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडलं तर डायाशॉक (सेकोची धक्का झेलणारी स्प्रिंग) टोकं वाचवतो, पण हेअरस्प्रिंगचा वेढा अडकू शकतो. उलट काच : ऑटोमॅटिकची सपाट काच व्यासाने मोजून काही शे रुपयांत बसते. स्मार्टवॉचची काच म्हणजे अख्खा डिस्प्ले, आणि तो कधीकधी घड्याळाच्या निम्म्या किमतीला जातो. तिथे वर उचललेली कड असलेलं मॉडेल घ्या, काचेच्या पुढे निघालेल्या बेझलसारखा स्वस्त उपाय नाही.

दुरुस्तीच्या बाजूने थोडी चांगली बातमी म्हणजे २०२५ चं पिक्सेल वॉच ४ स्क्रूने उघडतं, बॅटरी आणि डिस्प्ले बदलता येतील असं बनवलंय. त्याच मालिकेतल्या पहिल्या घड्याळाची काच फुटली तर दुरुस्तीच नव्हती. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी ग्राहकाला काढता यावी असा कायदा लागू होतोय, पण मुख्यतः ओल्या जागी वापरायच्या उपकरणांना त्यात सूट आहे. घड्याळवाल्या कंपन्या त्या फटीतून निसटायचा प्रयत्न करणारच. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टल २०२२ च्या डिसेंबरपासून आहे. घ्यायच्या आधी तिथे आणि कंपनीच्या पानावर बॅटरी, डिस्प्ले यांचे दर छापलेत का बघा. दर छापलेला नाही म्हणजे ती दुरुस्ती करायची त्यांची इच्छा नाही, असं धरून चाला.

पट्टाही बघा. २० किंवा २२ मिलिमीटरचा साधा स्प्रिंग बार असेल तर पंधरा वर्षांनीही पट्टा मिळेल. स्वतःची खास खाच असलेलं घड्याळ पट्ट्यासाठी कंपनीचं मिंधं.

---

पळसाला_पाने_तीन

आणि तिसरं पान कुणी मोजलंच नाही. कॅसिओ एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून बनतंय, सीआर२०१६ सेल, सात वर्षं. मागे चार स्क्रू. पंधरा वर्षांत दोन सेल. पोहण्याचं घड्याळ म्हणून घेऊ नका, पण दुरुस्तीची व्याख्या म्हणून समोर ठेवा. पोहायलाच हवं तर १०० मीटरवालं साधं क्वार्ट्झ (सेलवर चालणारं). संपलेला सेल मात्र आत ठेवू नका. काटेवाल्या क्वार्ट्झमधले चांदीचे सेल (३७७ वगैरे) वर्षभर तसेच राहिले की गळतात आणि कॉइल खातात. क्वार्ट्झ मशीन मरतं ते बहुतेक असंच.

---

कोकणकडा२२

ठरलं. १०० मीटरचं सेको ५, आणि पावलं-ठोके मोजायला वेगळा साधा बँड, जो तीन वर्षांत गेला तरी हळहळ नाही. शेवटचं एकच : पाणी शिरतंय की नाही हे घरच्या घरी कळतं का?

---

बॅलन्सव्हील

कळतं, पाण्यात न बुडवता. घड्याळ कोमट पृष्ठभागावर, ४०-४५ अंश, अर्धा तास ठेवा. तवा नको, गरम पाण्याच्या स्टीलच्या डब्याचं झाकण पुरे. मग काचेच्या मधोमध गार पाण्याचा एक थेंब टाका, मिनिटभर थांबा, पुसा. थेंबाच्या जागी काचेच्या आतल्या बाजूला धुक्याचा डाग दिसला तर आत ओल आहे. डाग नसेल तर आत कोरडं आहे. याने आत शिरलेली ओल कळते, गॅस्केट उद्या टिकेल का ते कळत नाही; त्यासाठी प्रेशर टेस्टच.

पोहणार असाल तर मागच्या झाकणाची रबर रिंग दोन-तीन वर्षांनी बदलून सिलिकॉन ग्रीस लावून घ्या, मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी. चावीच्या आतली रिंग सहसा सुटी मिळत नाही, चावीच बदलतात. सेको ५ ची चावी स्क्रूची नाही, त्यामुळे पाण्यात उतरायच्या आधी ती पूर्ण आत दाबली आहे ना बघायचं. गरम पाण्याच्या अंघोळीला घड्याळ काढून ठेवा. १०० मीटरचा आकडा गार पाण्याचा आहे, वाफ आणि साबण रबराला लवकर खातात.

ओल दिसलीच तर तांदळाच्या डब्यात ठेवू नका, चावी बाहेर ओढा आणि त्याच दिवशी झाकण उघडून घ्या. गंज दोन दिवसांत धरतो.